आल्टेनरोडची रिकामी अमेरिका आणि मिसेस डॉकरी

आमच्या फ्रँकफर्टच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बहुतेक वेळा कुणाला तरी जुना सोफा विकायचा असतो, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत थोडी जागा शिल्लक असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यावर एक जर्मन मेसेज फिरत फिरत आला. फाल्त्सच्या डोंगराळ भागातल्या एका वृद्धाश्रमातल्या सामाजिक कार्यकर्त्या बाईंनी लिहिलं होतं, की त्यांच्याकडे भारतात जन्मलेल्या एक आजी आहेत. डिमेन्शियामुळे त्यांचं आधी जर्मन गेलं, मग इंग्लिशही गेलं. आता त्या एकच भाषा बोलतात आणि ती मराठी असावी. दिवसभर त्या काहीतरी मागतात. ते काय, हे इथं कुणालाच कळत नाही. कुणी येऊन फक्त ऐकेल का?

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. मीही टाकला आणि ऑफिसच्या कामाला लागले. पण तो 'फक्त ऐकेल का' हा शब्दप्रयोग काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी नवऱ्याला, निखिलला, सांगितलं. तो म्हणाला, "जा ना. नाहीतरी ब्लॉगसाठी नवी जागा शोधतेच आहेस." तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं होतं, एक वीकएन्ड जाईल, एक चांगलं काम होईल, आणि पानगळीचे फोटो मिळतील.

आल्टेनरोड हे गावाचं नाव मी बदलून लिहिलं आहे, माणसांचीही. ज्यांना त्या भागात जायचं आहे त्यांच्यासाठी रस्ता मात्र खरा सांगते. फ्रँकफर्टहून मानहाइम, तिथून कायझर्सलाउटर्न, आणि पुढे बस. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेल तर वेगळं काही काढावं लागत नाही, फक्त जलद गाड्या सोडून द्यायच्या. रविवारी बस नसते. तेव्हा रुफटॅक्सी, म्हणजे तासभर आधी फोन करून बोलवायची गाडी, एवढाच मार्ग. खायला बरोबर घेऊन जा. शेवटच्या टप्प्यावर एकही उघडी बेकरी मला दिसली नाही.

बसमध्ये माझ्याशिवाय दोन म्हाताऱ्या बायका होत्या. जंगल संपलं आणि अचानक रस्ता रुंद झाला, इतका रुंद की जर्मनीतल्या एवढ्याशा गावात तो का असावा हे कळेना. दोन्ही बाजूंना बंद दुकानं होती आणि पाट्या इंग्लिशमध्ये. टॅटू. युज्ड कार्स. युनिफॉर्म शिवून मिळतील. डॉलर स्वीकारले जातील. एका काचेवर टर्की पक्ष्याचं चित्र रंगवलेलं होतं, ते निम्मं उडालेलं.

"आमीज," शेजारची बाई मी न विचारताच म्हणाली. इकडे अमेरिकन लोकांना सगळे असंच म्हणतात. "गेले सगळे."

वृद्धाश्रम गावाच्या वरच्या टोकाला आहे, स्वच्छ, उजेडाचा, दारात कुंड्या. मेसेज पाठवणाऱ्या फ्राऊ लेंत्स तिथंच भेटल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, पण आवाजात ऊब असलेल्या बाई. त्यांनी मला आधी थोडक्यात सांगितलं. आजींचं नाव सुशीला डॉकरी. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या, इथल्या अमेरिकन लष्करी छावणीतल्या एका सार्जंटशी लग्न केलं आणि गावाला लागूनच असलेल्या अमेरिकन वसाहतीत राहिल्या. नवरा वारला. मुलगा मायकल अमेरिकेत आहे.

"रोज दुपारी त्या दाराशी येतात आणि एकच शब्द म्हणतात," फ्राऊ लेंत्स म्हणाल्या. "कापेल, कापेल. म्हणून आम्ही त्यांना खालच्या कापेलमध्ये नेतो, प्रार्थनेच्या खोलीत. तिथं गेल्यावर त्या रडतात. आम्हाला वाटतं, त्या फार श्रद्धाळू असाव्यात."

सुशीलाबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. पांढरे केस अमेरिकन बायकांसारखे आखूड कापलेले, अंगात फुलाफुलांचा स्वेटर. मी समोर बसले आणि म्हणाले, "नमस्कार मावशी. मी अनघा."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग अगदी सहज, जणू काल संध्याकाळीच बोलणं अर्धवट राहिलं होतं अशा सुरात म्हणाल्या, "जेवलीस काय गं?"

फ्राऊ लेंत्स दारातच उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हो, जेवले. तुम्ही जेवलात का?"

"कुटलं जेवण. मी जातो आता. माझी चप्पल कुटं ठेवली ह्यांनी? शाळा सुटली असंल. मकूला आणाय जायाचंय."

बाई असून 'मी जातो' म्हणणारी ही मिरज-कोल्हापूरकडची बोली. माझ्या आजोळी सगळ्या बायका अशाच बोलत. मी फ्राऊ लेंत्सना म्हणाले, "त्या कापेल म्हणत नाहीत. चप्पल म्हणतात. पायात घालायची. त्यांना मुलाला शाळेतून आणायला जायचं आहे."

फ्राऊ लेंत्स खुर्ची ओढून बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही त्यांना रोज प्रार्थनेला बसवत होतो."

मुक्कामाला गावात एकच जागा, हायकंचं गास्टहाउस. खोली साधी आणि गरम, नाश्ता भाड्यातच, आणि नाश्त्याला अजूनही पॅनकेक नि मेपल सिरप मिळतं. हायकं साठी ओलांडलेली, मोठ्या आवाजाची बाई. तिनं पहिल्या वाक्यापासून मला 'डू', म्हणजे सरळ 'तू', म्हटलं. छावणीच्या बोलिंग हॉलमध्ये तिनं उभं आयुष्य काढलं होतं. आणि सुशीलाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण निघाली.

"सू," ती म्हणाली. "इथं तिला सगळे सू म्हणायचे. आमीजपेक्षा जास्त आमी होती ती. थँक्सगिव्हिंगला माझ्या घरी तिनं केलेला पम्पकिन पाय यायचा, भोपळ्याचा, केकसारखा. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून इंग्लिश नि जर्मन सोडून एक शब्द ऐकला नाही. ती भारतात जन्मलीय हे मी कधीकधी विसरायचे."

"मुलाशीही नाही बोलायच्या?"

"रे, तिचा नवरा, म्हणायचा, घरात इंग्लिशच. नाहीतर पोरगं शाळेत मागं पडेल. वाईट माणूस नव्हता तो. त्याला तसंच वाटायचं. आणि सू म्हणायची, शिकवून तरी तो बोलणार कुणाशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हायकंनं मला ती वसाहत दाखवली. गावाबाहेर पडलं की एक मोडकं फाटक आहे, पहारेकऱ्याची काचेची खोली आहे, आणि त्यापलीकडे एक आख्खं अमेरिकन शहर. छोटं, पण सगळं असलेलं. केंटकी, टेनेसी, ओहायो अशी रस्त्यांची नावं. लांबलचक तीनमजली इमारती, शाळा, चर्च, दवाखाना, सिनेमाघर, बेसबॉलचं मैदान. फुटपाथवर लाल-पिवळे पाण्याचे नळ, आग विझवायचे, सिनेमात दिसतात तसे. सगळ्या खालच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. पार्किंगच्या डांबरातून बर्चची झाडं वर आलेली, माझ्यापेक्षा उंच.

हायकं चालता चालता बोलत होती. इथं शनिवारी कार धुवायला रांग लागायची. इथं पोरं चेहरे रंगवून हॅलोवीनला हिंडायची आणि गावातली जर्मन पोरंही पिशव्या घेऊन आत शिरायची. ह्या जिन्यात एक अलाबामाची बाई राहायची, तिचा नवरा इराकमधून परत आला नाही. तिला महिन्याभरात घर सोडावं लागलं, आणि सगळ्या बायकांनी मिळून तिचं सामान बांधलं. सूनं तिच्या बाळाला सांभाळलं.

"गावात त्यांची संख्या आमच्यापेक्षा जास्त होती," हायकं म्हणाली. "आम्ही त्यांना शिव्याही घालायचो. दारू पिऊन गाड्या ठोकायचे. मग एक दिवस घोषणा झाली की छावणी बंद. दर आठवड्याला बोलिंग हॉलमध्ये कुणाची तरी निरोपाची पार्टी. केक आणि रडारड. शेवटच्या पार्टीला मी होते, सू होती आणि दोन शिपाई, चाव्या जमा करायला थांबलेले. ते गेल्यावर आमचा डॉक्टर गेला, मग बँक गेली, मग माझी मुलगी गेली मानहाइमला."

"सुशीलाबाई का नाही गेल्या मुलाकडे?"

"रे इथल्या दफनभूमीत आहे. आणि कुठं जाणार? अमेरिकेत ती फक्त सुट्टीला गेली होती. तिची अमेरिका हीच." तिनं हातानं त्या इमारती दाखवल्या. बोट टेनेसी रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबलं. "तिथं शाळेची बस थांबायची. सू मायकलला घ्यायला रोज तिथं उभी असायची. बर्फ असला तरी."

तेव्हाच मला ती कल्पना सुचली, आणि मला ती फार चांगली वाटली. सुशीलाबाईंना रोज जायचं असतं ना, मग एकदा घेऊनच जाऊ. हायकंलाही पटलं. फ्राऊ लेंत्स जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, थंडी आहे, लवकर परत या, आणि स्वतः त्यांच्या पायात बूट चढवून दिले.

हायकंच्या गाडीत सुशीलाबाई अगदी शहाण्या मुलीसारख्या बसल्या. "उशीर न्हाई न्हवं झाला?" एवढंच दोनदा विचारलं. मी म्हणाले, "नाही मावशी, वेळेत आहोत." हायकं हे सगळं आरशातून बघत होती. तिला एक शब्द कळत नव्हता, पण ती हसत होती. "तिचा आवाज बदलतो गं," ती मला म्हणाली. "असा पातळ आवाज मी ऐकलाच नव्हता."

कोपऱ्यावर उतरलो. सुशीलाबाई बरोबर त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, बाकड्याच्या डाव्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून. पर्स पोटाशी धरली. जागा त्यांना पक्की आठवत होती. मी मनाशी म्हणाले, बघ, किती सोपं होतं.

मग त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. समोरच्या इमारतीकडे पाहिलं. खिडक्यांवरच्या फळ्या, दारावरचा गंज, झाडं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी माझी बाही घट्ट पकडली.

"सगळी कुटं गेली गं?"

"मावशी, ते लोक आता..."

"एक बी माणूस न्हाई. पोरं कुटं हाईत? काय झालं हितं? बाँब पडला काय?"

मी म्हणाले, काही झालं नाही, सगळे सुखरूप आहेत, आपण घरी जाऊ. त्या हलेनात. "मकू बशीत हाय. बस येऊ दे. मी न्हाई येत." वारा सुटला होता. त्या हाका मारायला लागल्या, "मकू, ए मकू," त्या रिकाम्या इमारतींकडे बघून, आणि त्यांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. तो परत आला की त्या दचकायच्या. हायकंनं त्यांना मिठीत घेतलं आणि इंग्लिशमध्ये म्हणत राहिली, सू, हनी, इट्स ओके. सुशीलाबाईंनी तिला ढकललं. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीकडे बघून त्या मला विचारत होत्या, "ही कोण बाई?" आणि हायकं मला विचारत होती, "काय म्हणतेय?"

मी सांगितलं नाही. म्हणाले, थंडी वाजतेय म्हणते.

आम्ही दोघींनी मिळून त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. परत येईपर्यंत त्या काचेला हात लावून रडत होत्या. फ्राऊ लेंत्स दारातच होत्या. मला रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी मुलाशी व्हिडिओ कॉल ठरलेला होता. मायकल डॉकरी, पन्नाशीच्या जवळचा, कॅन्ससमधल्या एका लहान शहरात ट्रकच्या कंपनीत काम करतो. तिथं दुपार व्हायची होती, तो गाडीतच बसून बोलत होता. पूर्वी तो दर रविवारी फोन करायचा. पण आई जे बोलते त्यातलं काही कळत नाही, म्हणून हळूहळू महिन्यातून एकदा, मग सणासुदीला.

फ्राऊ लेंत्सनी टॅब्लेट सुशीलाबाईंसमोर धरला. मी शेजारी बसले.

"हाय, मॉम," तो म्हणाला.

सुशीलाबाईंनी पडद्यावरच्या टक्कल पडलेल्या, दाढीवाल्या माणसाकडे पाहिलं आणि डोक्यावर नसलेला पदर सावरला. "ह्यो कोण?" मला विचारलं.

"मावशी, हा मायकल. तुमचा मकू."

"काय तरीच. मकू एवढुसा हाय." मग त्या माणसाचा अपमान नको म्हणून त्याच्याकडे वळून नम्रपणे म्हणाल्या, "बसा तुमी. मला जरा घाई हाय. माजं पोरगं थंडीत हुबं असंल."

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

आजवर मी ऑफिसात कितीतरी मीटिंगमध्ये दुभाष्याचं काम केलंय. इतकं साधं वाक्य इतकं जड कधी गेलं नव्हतं. मी त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं, त्या म्हणतात, माझा मुलगा थंडीत उभा असेल, मला त्याला घ्यायला जायचंय.

तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "म्हणजे इतके दिवस ती हेच म्हणत होती?"

"रोज."

"तिला सांगा, तो घरी पोचला. सांगा, त्याला शेजारच्यांनी सोडलं."

मी सुशीलाबाईंचा हात धरून म्हणाले, "मावशी, मकू घरी आलाय. शेजारच्यांनी सोडलं."

"आला?" त्यांचे खांदे खाली आले. "जेवला काय?"

"जेवला का विचारतायत," मी त्याला सांगितलं.

"सांगा, हो." त्याचा चेहरा वाकडा झाला. "सांगा, पोटभर जेवला. सांगा, झोपला."

त्या रात्री सुशीलाबाईंनी पूर्ण ताट संपवलं, असं फ्राऊ लेंत्सनी मला सकाळी सांगितलं. त्यांच्या विनंतीवरून मी ती वाक्यं माझ्या आवाजात त्यांच्या फोनवर रेकॉर्ड करून दिली. मकू घरी आलाय. जेवला. झोपला. रविवार होता, रुफटॅक्सी बोलवली होती. निघताना सुशीलाबाईंना नमस्कार करायला गेले तर त्या दाराशीच उभ्या होत्या. "माझी चप्पल कुटं ठेवली ह्यांनी?" त्यांनी मला विचारलं. आदल्या दिवसाचं काहीही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

घरी आल्यावर सुरुवातीला चांगल्या बातम्या आल्या. रेकॉर्डिंग लावलं की त्या शांत बसतात. मग फ्राऊ लेंत्सनी कळवलं, आता त्या आवाज ऐकून ती बाई कुठं आहे म्हणून खोलीभर शोधतात, कपाटं उघडतात, घाबरतात. लावणं बंद केलं. दर महिन्याला जायचं असं मी ठरवलं होतं. नोव्हेंबर तसाच गेला, डिसेंबरमध्ये आजारपण, जानेवारीत ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज. जानेवारीच्या शेवटी गेले तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं होतं. मी मराठीत किती बडबडले. जेवणाचं, मिरजेचं, माझ्या आजोळच्या अंगणाचं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, जर्मन बोलणाऱ्याकडे बघायच्या तशाच. हायकं रोज येऊन त्यांच्याजवळ बसते. तिलाही आता फारसं बोलायला लागत नाही.

आमची ईरा नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. आल्टेनरोडहून आल्यावर मी तिच्या मागेच लागले. मराठीत सांग, तरच देईन. मराठीत विचार, तरच ऐकेन. काही दिवस तिनं प्रयत्न केला, मग ती माझ्याशी बोलायचीच कमी झाली. एकदा जेवताना रडून जर्मनमध्ये म्हणाली, आई, मला जे सांगायचंय ते मला तसं येतच नाही. निखिलनं माझ्याकडे पाहिलं. आता ती जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत. चाललंय.

ह्या प्रवासातून मी काय आणलं, असं तुम्ही विचाराल. पानगळीचा एकही फोटो काढला नाही. जायचं असेल त्यांनी जरूर जा, जंगल सुंदर आहे, हायकंचे पॅनकेक चांगले आहेत. वसाहत पाडून तिथं गोदामं होणार असं गावात म्हणतात, तेव्हा पाहायची असेल तर लवकर जा. ह्यापेक्षा जास्त शिफारस मला करता येत नाही. एक बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषांत नीटनेटकी राहिली, आणि तिची स्वतःची भाषा परत आली तेव्हा ती समजणारं जवळ कुणी नव्हतं. मी एका शनिवारी होते. ते पुरलं नाही.

फेब्रुवारीत मायकल आला. येण्याआधी त्यानं मला फोन केला होता. त्याला एक वाक्य मराठीत शिकायचं होतं. मी त्याला 'आई, मी घरी आलो' शिकवलं. 'घरी'तला घ त्याला जमत नव्हता, तो गाडीत कामावर जाता-येता म्हणत राहायचा आणि मला रेकॉर्डिंग पाठवायचा. पाठवत पाठवत सुधारला.

वृद्धाश्रमातून त्यानं मला फोन केला तेव्हा मी ऑफिसात होते. उठून बाहेर जिन्यात गेले.

"मी म्हटलं," तो म्हणाला. "सकाळपासून कितीदा तरी म्हटलं. ती खिडकीतूनच बघत राहिली. तुम्ही जरा ऐका, मी बरोबर म्हणतोय का." आणि त्यानं मला ते म्हणून दाखवलं. "आई, मी घरी आलो."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "अगदी बरोबर म्हणताय."

"नक्की?"

"नक्की."

"मग ती वळत का नाही?" त्यानं विचारलं.